वर बघायचं नाही

तांब्याच्या खोलीत नियम पुष्कळ होते. त्यातले बहुतेक मुकादमाने केलेले होते, म्हणून कुणी पाळत नसे. एक नियम मात्र मुकादमाचा नव्हता. ठसा धरणाऱ्याने वर बघायचं नाही. तो कुणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो मोडलेला तिथे ठसा धरणाऱ्या चिमट्याने कधी पाहिलाही नव्हता. मोडला तो त्याने स्वतः.

सुलतानाच्या टांकसाळीत रुप्याची खोली पुढच्या बाजूला होती. तिला खिडक्या होत्या, गालिचा होता, आणि एकेक नाणं उचलून उजेडात फिरवून बघणारे दोन अधिकारी होते. तांब्याची खोली मागे, भट्टीला चिकटून, धुराने काळी पडलेली. तिथे कुणी नाणं उजेडात फिरवत नसे, कारण उजेडच नव्हता. रुप्याची नाणी व्यापाऱ्यांच्या पेट्यांत जाऊन बसत. मीठ, तेल, भाजी, जळण मात्र सगळं तांब्यावर चालायचं. बाजाराला तांबं रोज हवं असायचं, आणि रोज कमीच पडायचं. म्हणून मागच्या खोलीत काम कसं झालं हे कुणी विचारत नसे, झालं का एवढंच विचारत.

त्यात नाणं पाडायचा ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान. ठसे कोरणारा म्हातारा कडेकडेने सुलतानाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, सगळ्या पदव्या जीव ओतून कोरायचा, आणि चकतीवर त्यातला मधलाच तुकडा उमटायचा. एका नाण्यावर नावाचं डोकं, तर दुसऱ्यावर पदवीची शेपटी. सुलतानाचं नाव अख्खं असं राज्यात कुणाच्याच मुठीत नव्हतं. म्हाताऱ्याला कुणी म्हणालं, की कडेचं कशाला कोरता, दिसत तर नाही, तर तो म्हणायचा, "तुझं काळीज तरी कुठे दिसतं?"

चिमट्या त्या खोलीत ठसा धरायचा. नाव त्याला बोटांमुळे पडलं होतं. ऐरणीत खालचा ठसा पक्का रुतवलेला. त्यावर डाव्या हाताने तांब्याची चकती ठेवायची, उजव्या हाताच्या चिमटीत वरचा ठसा धरून बरोबर तिच्यावर टेकवायचा, आणि स्थिर राहायचं. समोर घण घेऊन उभे असत ते त्याचे दाजी, मोठ्या बहिणीचे यजमान. चिमट्याचे खांदे सैल झाले, की घण खाली यायचा. मग ठसा उचल, नाणं झटक, नवी चकती ठेव. बोलणं नाही, खूण नाही. बोलून उपयोगही नव्हता, कारण त्या खोलीत राबून सगळ्यांचे कान गेले होते. टांकसाळवाल्यांच्या घरातली गुपितं गल्लीला आधी कळतात, अशी त्यांची थट्टा व्हायची, आणि ती खोटी नव्हती. चिमट्याने लग्नाच्या पहिल्या रात्री बायकोला हळूच जे सांगितलं, ते शेजारणीने दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला ऐकवलं होतं.

आईबाप गेल्यावर ताई आणि दाजी यांनीच त्याला वाढवलं. मिशी फुटायच्या आधी दाजींनी त्याला ऐरणीपाशी बसवलं, त्याच्या बोटांत ठसा दिला आणि म्हणाले, "वर बघायचं नाही."

"का?"

"मान वर गेली की खांदा वर जातो. खांदा गेला की मनगट फिरतं. ठसा कलतो, घण घसरतो, आणि बोट जातं."

"एवढंच?"

"नाही," दाजी म्हणाले. "तू वर बघितलंस, म्हणजे मला तोंडावर सांगितलंस, की तुमचा भरवसा नाही. मग मी मारू कसा?"

पोराने मान खाली घातली ती घातलीच. इतकी वर्षं त्याने दाजींना कामाच्या वेळी पाहिलं ते फक्त गुडघ्यापर्यंत. कुणी विचारलं असतं, तर दाजींचे पाय त्याने हजार पायांतून ओळखले असते. उजव्या अंगठ्याचं नख काळं, डाव्या घोट्यावर भाजल्याचा डाग. त्या पायांपुढे तो निवांत बसायचा. डोक्यावर घण फिरत असताना त्याला कधीकधी पेंग यायची, इतका निवांत.

मुकादम हा माणूस वाईट नव्हता, नुसता रिकामा होता. रिकाम्या माणसाला बोलायला काही तरी लागतं. एक दिवस चकत्यांची टोपली मोजून घेताना तो चिमट्याच्या कानाशी ओरडला, "दाजींचा हात कापतो म्हणतात रे तुझ्या."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात. पाणी पिताना बघ." आणि तो टोपली घेऊन निघून गेला. काडी टाकणारा कधी आग बघायला थांबत नाही.

चिमट्याने ते हसण्यावारी नेलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्या आठवड्यात तो ताईकडे गेला, तेव्हा दाजी ओट्यावर पाणी पीत होते. पेला दोन्ही हातांनी धरला होता. आता दोन्ही हातांनी पाणी पिणं हा काही गुन्हा नाही. पण आधी ते एका हाताने प्यायचे का, हे त्याला काही केल्या आठवेना. थोडं पाणी दाढीवर सांडलं. पाणी सगळ्यांचंच सांडतं. तो घरी आला आणि जेवताना स्वतःची बोटं बघत बसला.

"विचार की सरळ," सगळं ऐकून बायको म्हणाली. ती टांकसाळीतली नसल्यामुळे हळू बोलायची, आणि तिचे ओठ वाचायला तो शिकला होता.

"असं कसं विचारायचं? ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांना विचारू, की तुमचा हात कापतो का?"

"मग विचारू नको. पण मग मनातूनही काढून टाक."

दोन्ही त्याला जमलं नाही. सकाळी तो ठरवून जायचा की आज विचारू. दाजी दारात भेटायचे, पोरांची चौकशी करायचे, आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आत जाऊन तो ऐरणीपाशी बसायचा आणि मान खाली घालायचा. आता मात्र पेंग येत नव्हती. घण वर गेला की मानेमागे काही तरी आखडायचं, आणि पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी दिसायच्या. दाजींचे पाय थोडे जास्त फाकलेले वाटायचे. घण जरा उशिरा येतोय असं वाटायचं. पण घण चुकला मात्र नाही. एकदाही नाही. हे पुढे त्याने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की त्या सांगण्याला काही अर्थ उरला नाही.

आणि एका दुपारी, भट्टीचा धूर खाली उतरला असताना, चकती ठेवून, ठसा टेकवून, खांदे सैल सोडून त्याने वर बघितलं.

ठरवून नाही. पण ठरवलेलं नव्हतं हे कुणाला सांगणार? घण डोक्यावर होता. त्याच्या मागे दाजींचा चेहरा होता, घामाने ओला, आणि ते डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होते. घण थांबवता येण्यासारखा नव्हता, तो खाली आला. ठसा कलला होता. दाजींनी शेवटच्या क्षणी मनगट वळवलं आणि घाव ठशाच्या कडेवर घेतला. बोट वाचलं. चकतीच्या एका कडेला अक्षराचा एक काप उमटला, बाकी सगळं तांबं कोरं राहिलं.

दाजींनी घण खाली ठेवला. टाकला नाही, तान्हं मूल ठेवावं तसा ठेवला. फडक्याने हात पुसले, फडकं घडी करून ऐरणीवर ठेवलं आणि बाहेर गेले. मुकादमाला वाटलं पाणी प्यायला गेले. चिमट्या ठसा हातात धरून तसाच बसून राहिला. ते कोरं नाणं कुणी तरी टोपलीत टाकलं. बाजाराला तांबं कमी पडत होतं, त्यामुळे बिघडलेलं नाणंही कुणी परत वितळवत नसे.

संध्याकाळी ताई दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"तू वर बघितलंस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं. ते काही बोलत नाहीत." आणि ती वळून गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दाजी टांकसाळीत परत आले नाहीत. वस्तीच्या कडेला त्यांचं घर होतं, मागे मोकळी जागा होती. तिथे ते मातीच्या विटा पाडू लागले, असं कानावर आलं. चिमट्या दोनदा त्या गल्लीपर्यंत गेला. एकदा वळणावरूनच परत फिरला. दुसऱ्यांदा ताईने त्याला पाहिलं आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं. ते ढकलायचं धैर्य त्याला झालं नाही, आणि घरी येऊन त्याने त्याबद्दलही स्वतःला बोल लावला.

त्याला एक खोड लागली. बाजारात सुट्टे परत मिळाले की तो नाणी तळहातावर पसरून एकेक उलटसुलट करायचा. कडेला एक काप आणि बाकी कोरं, असं ते नाणं त्याला हवं होतं. कशाला, ते त्याला धड सांगता आलं नसतं. कुणाच्या तरी खिशात ती चूक फिरत आहे, तिच्या बदल्यात लोक मीठ घेत आहेत, हे त्याला सहन होत नव्हतं. भाजीवाली एकदा वैतागली. "माझी नाणी खोटी वाटतात का रे तुला? तुझ्याच घरची आहेत ना ती?" तो ओशाळून हसला. ते नाणं त्याला कधीच मिळालं नाही. कोरी, कललेली, अर्धवट नाणी शेकड्याने मिळाली. तांब्याच्या खोलीत अशा चुका रोजच्याच होत्या, हे त्याला तेव्हा कळलं.

दाजींच्या जागी नवा गडी आला. त्याला सगळे रेडा म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. त्याच्या हाताला कंप नव्हता, थकवा नव्हता, आणि लक्षही नव्हतं. चिमट्याच्या खांद्यांकडे तो बघायचाच नाही. आपल्या लयीत घण हाणायचा, आणि ती लय चिमट्याने सांभाळायची. चिमट्याने आता मान वर केली असती तरी रेड्याचं काही बिघडलं नसतं. पण चिमट्याने पुन्हा कधी वर बघितलं नाही. दुधाने तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात, याने मात्र भर घणाखाली मान खाली घातली ती हट्टाने. वर्ष सरायच्या आत रेड्याचा घण एकदा लवकर आला, आणि चिमट्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर चेपलं.

"तू वेळेवर टेकवायला नको का?" रेडा म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं, फक्त त्याचं वाईट वाटणंही मोठ्या आवाजात असायचं.

पेर काढावं लागलं. मुकादमाने दया दाखवली आणि त्याला चकत्या निवडायच्या कामावर बसवलं, बायकापोरांच्या रांगेत. नाव मात्र चिमट्याच राहिलं.

मग ताई आली. या वेळी आत आली, त्याच्या हाताचं फडकं सोडून बघितलं आणि पुन्हा बांधलं.

"त्यांना कळलं," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, ताटावर नुसते बसतात."

"मी येऊ?"

"मी कुठे नको म्हटलंय?"

"दार लोटलं होतंस."

"कडी लावली होती का? ढकलून बघायचं होतंस," ताई म्हणाली. भावाचा मूर्खपणा तिला नवा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो गेला. घरामागे विटांची रांग वाळत होती. विटा वाकड्या होत्या, एक कडा जाड, एक बारीक. दाजी एका शेळीशी झटत होते. शेळीने खुंटा उपटला होता, आणि दावं, खुंटा, सगळं ओढत ती ओल्या विटांवरून चालली होती. चिमट्याने तिला धरलं. यावर दाजी म्हणाले, "आलास?" जणू तो मीठ आणायला गेला होता.

ताईने शेळी घरात नेली. दाजींनी भिंतीला टेकलेली लाकडी मोगरी उचलली आणि जुन्या खड्ड्याकडे बघितलं. खुंटा मोगरीने आत ठोकायचा, म्हणजे कुणी तरी तो धरायला हवा. दोघांनाही ते एकदमच कळलं असावं, कारण दोघंही थोडा वेळ दुसरीकडे बघत राहिले.

मग चिमट्या खाली बसला. खुंटा खड्ड्यात उभा केला, डाव्या हाताने धरला, फडकं बांधलेला उजवा हात त्यावर ठेवला, आणि मान खाली घातली. समोर ते पाय होते. काळं नख, भाजल्याचा डाग. यासाठीच तो आला होता. माफी मागायला शब्द नव्हते, आणि असते तरी मान खाली घालून बोललेले ते दाजींना ऐकू आले नसते. पण मान खाली घालता येत होती. त्याने खांदे सैल सोडले आणि वाट बघितली.

घाव आला नाही.

तो तसाच बसला. मातीवर मोगरीची सावली पडली होती, आणि ती सावली हलत होती. वाऱ्याने हलावी तशी, पण वारा नव्हता. बऱ्याच वेळाने सावली खाली आली. दाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"बघ," ते म्हणाले आणि दोन्ही हात पुढे केले. हात कापत होते. दिसेल न दिसेल असे नाहीत, चांगले कापत होते.

"कधीपासून?"

"तू वर बघितलंस त्याच्या आधीपासून. बऱ्याच आधीपासून."

चिमट्याला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"रोज सकाळी ठरवायचो. टांकसाळीच्या दारात तू भेटायचास, मी तुझ्या पोरांची चौकशी करायचो, आणि वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे." दाजी हात मांडीखाली दाबून बसले. "घण उचलला की कापत नसत. म्हणजे कमी कापत. मी स्वतःला सांगायचो, कापत नाहीत. तू विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं. मी तुझ्या विचारण्याची वाट बघत होतो."

"मीही रोज ठरवायचो," चिमट्या म्हणाला.

"ठाऊक आहे. तुझे खांदे सांगायचे. पूर्वी पीठ सांडावं तसे सैल व्हायचे, मग ते तुला मुद्दाम सोडावे लागू लागले. तू वर बघितलंस ना, तेव्हा मला वाटलं, सुटलो. आणि असा राग आला, की ऐरणीवरच घण फेकावा. आधी सुटल्यासारखं वाटलं की आधी राग आला, ते अजून कळत नाही. मग घरी आलो, आणि तुला रेड्याच्या हाती सोडून आलो हे लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. परत कुठल्या तोंडाने यायचं?" त्यांनी फडक्याकडे बघितलं. "हे बोट माझं आहे."

"तसं काही नाही, दाजी."

"आहे," दाजी म्हणाले. "ऊठ. मोगरी घे. मी धरतो."

चिमट्या उठला. आयुष्यात त्याने कधी घण उचलला नव्हता. लाकडी मोगरी ती काय, पण ती डोक्यावर नेल्यावर खालचं सगळं फार लहान दिसू लागलं. दाजींच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मान वाकलेली, मणके वर आलेले. खुंट्याभोवती बोटं, आणि बोटांबरोबर खुंटाही थोडा थोडा कापत होता. जिथे मारायचं ती जागा आणि ती बोटं यांत काही अंतरच नव्हतं. ते कधीच नव्हतं. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की भरवसा ठेवायचं अवघड काम खाली बसणाऱ्याचं असतं, आणि वरचा नुसता मारतो. त्याला पेंग यायची. तो पेंगायचा, तेव्हा वरून हे बघत दाजी घण हाणत होते. रोज, प्रत्येक घावाला, कापणाऱ्या हातांनी.

त्याला एकदम रडू आलं. दाजींना दिसत नव्हतं.

"मार की," दाजी जमिनीकडे बघत ओरडले. "शेळी तिकडे सगळं घर खाईल."

"मला नाही जमत, दाजी," चिमट्याही ओरडला.

"मलाही शेवटी शेवटी जमत नव्हतं," दाजी म्हणाले. "तरी मारत होतो."

घरातून ताईने हाक मारली, झालं का म्हणून. दोघांनाही ती ऐकू गेली नाही. चिमट्या मोगरी वर धरून उभा होता, आणि त्याचे खांदे दुखू लागले होते. दाजींनी खुंटा सोडला नाही, आणि वर बघितलंही नाही.